गपकन की आचके देत?

दिवाळी अंकासाठी मराठीच्या प्राध्यापकाकडे लेख मागितला की त्याने काय लिहावे, हे जवळजवळ ठरलेलेच असते. एखादा विस्मृतीत गेलेला कवी, एखाद्या म्हणीची जन्मकथा, नाहीतर शुद्धलेखनाच्या नावाने गळा काढणे! या सदरात मीही आजवर तेच करीत आलो आहे. यंदा मात्र मी बंद पडणाऱ्या गाडीविषयी लिहिणार आहे. हा बेत ऐकताच आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्हाला हो त्यातलं काय कळतं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पंक्चर झालेली ट्यूब आणि न झालेली ट्यूब यांतला फरक मला कळतो. त्यापलीकडे माझी गती नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी अकोल्याहून अमरावतीला येताना मला एक धडा मिळाला, आणि गंमत अशी की तो धडा यंत्राचा जितका होता तितकाच मराठी भाषेचाही होता. गाडी का बंद पडते हे शोधायचे असेल, तर ती कशी बंद पडते हे आधी नेमक्या शब्दांत सांगता आले पाहिजे. एवढीच ती गोष्ट. पण ती वेळेवर कळली नाही म्हणून आमच्या घरात जे घडले, त्याची रुखरुख मला अजून आहे.

आमचे मूळ घर अकोल्याला, जठारपेठेत. मी नोकरीनिमित्त अमरावतीला. घरी आई आणि बाबा दोघेच असत. बाबांची एक जुनी दोन-स्ट्रोकची स्कूटर होती. आमच्या पिढीला स्कूटर म्हणजे काय ते सांगायला नको. १९७२ साली 'चेतक' बाजारात आली, आणि मध्यमवर्गीय घरात राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव दुधाच्या हिशेबाइतके नेहमीचे झाले. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्नाच्या बैठकीत "स्कूटरचा नंबर लागला आहे" हे वाक्य स्थळाची किंमत वाढवी. पुढे वडील, मागे आई बसलेली, मध्ये एक मूल आणि पुढ्यात एक, अशी चार माणसांची गृहस्थी त्या दोन चाकांवर मावत असे. सकाळी सुरू होईना तर वडीलमाणसे तिला एका बाजूला कलती करीत. त्या विधीला आम्ही मुले मंत्रतंत्राचा भाग समजत होतो. पण त्यात अर्थ होता. टाकीत पेट्रोल कमी असले की कलते केल्याने तळाचे पेट्रोल नळीच्या तोंडाशी येई. शिवाय कार्ब्युरेटरमधला तरंगणारा गोळा हलून थोडे जास्त पेट्रोल आत जाई आणि थंड इंजिनाला तेच हवे असे.

बाबांची स्कूटर कोणत्या कंपनीची होती ते मी सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिचा किंवा तिच्या जन्मदात्यांचा काडीचाही दोष नव्हता. पंधरा वर्षे झाल्यावर रीतसर पुन्हा नोंदणी करून बाबांनी ती जपली होती. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालताना ते हार माणसाला घालावा तसा घालीत.

एका उन्हाळ्यात मी सुटीला गेलो असताना बार्शीटाकळीला एका लग्नाला जायचे होते. अंतर थोडे. मी बाबांची स्कूटर काढली. अर्ध्या वाटेवर ती बंद पडली. अकोल्याच्या मे महिन्यातले ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांना पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर डांबराला कसा वास सुटतो ते ठाऊक असेल. त्या उन्हात मी अर्धा तास किका मारल्या. मग ती आपोआप सुरू झाली आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद पडली. लग्न लागून गेल्यावर मी मांडवात पोहोचलो.

घरी येऊन मी बाबांना म्हणालो, "बाबा, ही गाडी आता भंगारात द्या. भर रस्त्यात बंद पडते. मागून ट्रक येत असता तर?"

बाबा म्हणाले, "माझ्या हातात ती एकदाही बंद पडलेली नाही."

"तुम्हाला ते आठवत नसेल."

हे वाक्य मी बोललो. बाबांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला "तुम्हाला आठवत नसेल" असे म्हणणे म्हणजे काय, हे म्हणताना मला जाणवले नाही. ते गप्प बसले. निघताना मी किल्ली माझ्या खिशात टाकली आणि आईला सांगितले, "रिक्षाने जात जा." हे सगळे त्यांच्या काळजीपोटी केले, याबद्दल माझी खात्री होती. अजूनही आहे.

त्यानंतर अकरा महिने बाबा संध्याकाळी ओट्यावर बसून असत. मग एका सकाळी झोपेतच गेले.

दिवस-कार्य आटोपले. आईला मी अमरावतीला आणले. घर बंद करायचे तर स्कूटरचे काय? भंगारवाल्याने किंमत सांगितली ती ऐकून आई म्हणाली, "असू दे. तिकडेच ने. तुझ्या दारात उभी राहील." गाडी ट्रकवर टाकता आली असती. पण मला वाटले, शेवटची एकदा आपणच चालवीत न्यावी. मधल्या काळात हमरस्ताही बदलला होता. पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३ हा राष्ट्रीय महामार्ग. अमरावती ते अकोला या टापूत त्याची दशा अशी होती की खड्ड्यांना वैतागलेला माणूस विनोदही करीनासा झाला होता. २०२२ च्या जूनमध्ये याच टापूत ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. अशा रस्त्यावरून बाबांची स्कूटर न्यायची, तीही ऊन कलल्यावर, म्हणजे जणू तिची मिरवणूकच, अशी माझी कल्पना होती.

मिरवणूक अकोल्याबाहेर दहा-बारा किलोमीटरवर थांबली.

मी शांतपणे उतरलो. या वेळी मी तयारीने आलो होतो; डिकीत प्लगचा पाना होता. प्लग काढला, पुसला, घासला, पुन्हा बसवला. या सगळ्यात वीस मिनिटे गेली. किक मारली, गाडी सुरू! माझी छाती फुगली. प्लगचाच दोष होता तर! मराठीच्या प्राध्यापकालाही इंजिन कळते!

बोरगाव मंजूला पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली. दोन-स्ट्रोकच्या गाडीला पेट्रोलमध्ये तेल घालावे लागते, ते लिटरला २० मिलिलिटर या हिशेबाने घातले. आणि नवल पाहा, तीन-चार किलोमीटरवर गाडी पुन्हा बंद! आधी दहा-बारा किलोमीटर तरी चालली होती. टाकी भरल्यावर तेवढीही चालेना. मी प्लग पुन्हा पुसला. वीस मिनिटांनी सुरू झाली. पुन्हा बंद पडली. आता माझा संशय पेट्रोलवर गेला. पेट्रोल भरले आणि दुखणे वाढले, म्हणजे पेट्रोलातच भेसळ! मनातल्या मनात मी वर्तमानपत्राला पाठवायच्या पत्राचा पहिला परिच्छेदसुद्धा जुळवला. विद्यार्थ्यांना काकतालीय न्याय शिकवताना मी सांगतो की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याला दोष देऊ नये. त्या संध्याकाळी मात्र मी कावळ्यामागून कावळे पकडीत होतो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक टपरी दिसली. टायरांची चळत, एक बाज, आणि बाजेवर साठीच्या घरातले मिस्त्री चहा पीत बसलेले. मी गाडी ढकलीत तिथे गेलो आणि एका दमात सगळे ऐकवले: प्लग खराब आहे, पेट्रोलात भेसळ आहे, कार्ब्युरेटर उघडावा लागेल, इंजिन तापते आहे.

मिस्त्रींनी कपबशी खाली ठेवली. हत्याराला हात लावला नाही. म्हणाले, "भाऊ, गाडी काहून बंद पडते थे मी पाहीन. कशी बंद पडते थे तुमीच सांगा. गपकन पडते का आचके देत?"

मी थबकलो. पंचवीस वर्षे मराठी शिकवण्यात घालवली, पण इतका नेमका प्रश्न मला परीक्षेत कधी काढता आला नव्हता.

आठवून मी सांगितले, "आचके देत. आधी जोर कमी होतो, दोन-तीन गचके बसतात, मग थांबते."

"ठंडी असतानी का तापल्यावर?"

"चालल्यावर. पण प्रत्येक वेळी सारख्याच अंतरावर नाही."

"थांबल्यावर कितीक येळानं चालू होते?"

"वीस-पंचवीस मिनिटांनी."

"टाकी भरेल असली तं लवकर पडते, का रिकामी असली तं?"

"भरल्यावर लवकर पडायला लागली!" मी जवळजवळ ओरडलो. भेसळीचा पुरावा हाच होता ना!

मिस्त्री हसले. "बंद पडाच्या आंधी कोनं गाडीचं काई काम केलं होतं का?"

"काहीच नाही," मी म्हणालो. हे उत्तर चुकीचे होते, पण ते मला नंतर कळले.

मिस्त्री म्हणाले, "जा, एक चक्कर मारून या. बंद पडली का हात लावू नका, मले हाक मारा." मी निघालो. थोड्या अंतरावर गाडीने आचके दिले आणि ती थांबली. मिस्त्री रमतगमत आले, त्यांनी सीट उचलली आणि पेट्रोलच्या टाकीचे झाकण फिरवले. 'फुस्स' असा आवाज झाला. हवा बाहेर आली नव्हती, आत शिरली होती. थोडे थांबून त्यांनी झाकण लावले, म्हणाले, "मारा किक." एका किकेत गाडी सुरू झाली. वीस मिनिटे नाहीत, प्लग नाही, काही नाही.

"तेलाच्या डब्याले दोन भोकं काहून पाडतेत, भाऊ?"

वाचकहो, हे उत्तर तुमच्यापैकी प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर धार काही वेळ येते, मग अडखळते, आणि थांबते. तेल बाहेर यायचे तर तेवढीच हवा आत गेली पाहिजे. स्कूटरच्या टाकीतले पेट्रोल आपल्या वजनाने खाली कार्ब्युरेटरमध्ये उतरते. त्याच्या जागी हवा यावी म्हणून झाकणाला एक बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की टाकीत ओढ निर्माण होते आणि पेट्रोल वरच धरून ठेवले जाते. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरची पुष्कळ हवा थोडी ताणली जाते आणि गाडी जरा जास्त चालते. टाकी भरलेली असेल तर वर हवा चिमूटभर, ती लगेच ताणली जाते आणि गाडी लवकर बंद पडते. थांबून राहिले की झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू झिरपते आणि गाडी 'आपोआप' सुरू होते. मी प्लग पुशीत होतो ती वीस मिनिटे हवा आत झिरपत होती. श्रेय मात्र प्लगला मिळत होते!

मिस्त्रींनी झाकण उलटे केले. आत सायकलच्या ट्यूबची एक गोल चकती अगदी मापाने कापून बसवलेली होती. पेट्रोल लागून रबर फुगले होते आणि वाट जवळजवळ बुजली होती. त्यांनी ती काढली, काडीने वाट मोकळी केली आणि कामाचे पैसे घ्यायला नकार दिला. मी आग्रह केला तेव्हा चहाचे घेतले. तिथून अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंत स्कूटर एकदाही थांबली नाही.

* * *

ही हकीकत माझ्या मनात इतकी घोळत राहिली की त्यानंतर मी या विषयाची पुस्तके वाचली, ओळखीच्या कारागिरांना छळले. जे कळले ते थोडक्यात सांगतो, कारण भाऊबीजेला पुष्कळ मंडळी गाड्या काढून लांबच्या प्रवासाला निघतील.

मूर्तिजापूरहून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे जाणारी 'शकुंतला' १९९४ पर्यंत वाफेवर धावत असे. वाफेच्या इंजिनाचे एक बरे असते. त्याची आग दिसते. कोळसा संपला, पाणी कमी झाले, हे चालकाला डोळ्यांनी कळते. पेट्रोलच्या इंजिनात आग बंद पेटीत असते. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने १८७६ मध्ये चार फेऱ्यांचे इंजिन चालवून दाखवले: हवा-इंधन आत ओढणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे. तेव्हापासून आजच्या मोटारीपर्यंत पेट्रोलच्या इंजिनाच्या मागण्या त्याच आहेत. हवा, इंधन, वेळेवर ठिणगी आणि पुरेसा दाब. शिवाय जळलेल्या धुराला बाहेर जायला मोकळी वाट. यांतले काय कमी पडले आहे ते पेटी न उघडता ओळखायचे, ते आवाजावरून आणि वागणुकीवरून. आणि इथे आपली मराठी भाषा फार उपयोगी पडते.

गाडी *गपकन* बंद पडली, म्हणजे दिवा मालवावा तशी, तर संशय आधी ठिणगीवर, म्हणजे विजेच्या बाजूवर घ्यावा. प्लगची टोपी सैल झाली असेल, तार तुटली असेल, मोटारसायकलचे लाल बटण चुकून दाबले गेले असेल. पुष्कळ नव्या दुचाकींत बाजूचे स्टँड खाली असले की इंजिन बंद होते. त्या स्टँडचा स्विच चिखलाने बिघडला की चांगली गाडी भर रस्त्यात मान टाकते. तापल्यावर गपकन बंद आणि निवल्यावर पुन्हा सुरू, असे होत असेल तर जुन्या गाडीत कॉइल किंवा कंडेन्सर, आणि नव्या गाडीत इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा सेन्सर तपासावा. उष्णतेने विजेचे भाग दगा देतात आणि थंडावले की साळसूदपणे कामाला लागतात.

गाडी *आचके देत* थांबली, तर इंधनाकडे पाहावे. टाकीत पेट्रोल आहे का, हा पहिला प्रश्न विचारायला लाजू नये. मग झाकणाची वाट, गाळणी, कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र, पेट्रोलात शिरलेले पाणी. आता आपल्याकडच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलला पाण्याची ओढ असते. पाणी जास्त शिरले तर ते इथेनॉलला घेऊन वेगळे होते आणि टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाला मग आधी तोच घोट मिळतो. म्हणून पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तर झाकण नीट बसते का ते पाहावे आणि अधूनमधून गाडी चालवावी. नव्या मोटारींत पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. काटा सदैव तळाशी ठेवून गाडी हाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. चढावर किंवा वेगात पंप कमी पडू लागला की गाडी तशीच आचके देते.

गाडी बंद पडत नाही, पण *दमते*, हा तिसरा प्रकार. इथे हवा, धूर आणि दाब यांचा विचार करावा. आमच्या वऱ्हाडात काळ्या मातीची धूळ इतकी बारीक असते की हवेची गाळणी महिन्या-दोन महिन्यांत गुदमरते. कापसाच्या दिवसांत खेड्यातल्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्याने ती पुस्तकात लिहिलेल्या मुदतीआधीच पाहावी. दोन-स्ट्रोकच्या गाडीत तेलाची काजळी सायलेन्सरमध्ये साचते आणि धुराला वाट मिळत नाही. कधी इंजिन बिचारे निर्दोष असते आणि चाकाचा ब्रेकच घासत असतो. थोडे चालवून चाकाजवळ हात नेला की धग लागते. आणि इंजिन नुसतेच *घोंगावत* असेल, आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर तो क्लच घसरण्याचा प्रकार. त्यासाठी कार्ब्युरेटर खोलणे म्हणजे पाय दुखतो म्हणून चष्मा बदलणे.

प्लगविषयीही सांगतो, कारण मी त्याच्यावर अन्याय केला. प्लग हा दोषी कमी आणि साक्षीदार जास्त असतो. त्याचे टोक विटकरी-तपकिरी असेल तर आत सगळे ठीक जळते आहे. काळे आणि ओले असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त होते आहे. पांढरे फटक असेल तर इंधन कमी पडते आहे किंवा इंजिन फार तापते आहे. साक्षीदाराची जबानी न घेता मी त्याचे तोंड दोनदा पुसून टाकले!

नव्या गाड्यांत २०२० पासून दुचाकींतही कार्ब्युरेटर जवळजवळ गेला आणि त्याच्या जागी संगणक आला. तो दोष आढळला की पिवळा दिवा लावतो, आणि काही वेळा इंजिन वाचवण्यासाठी आपणहून जोर कमी करतो. अशा वेळी "गाडी ओढत नाही" म्हणून ॲक्सिलरेटर दाबत बसू नये. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश कारागिराकडे जावे. लुकलुकत असेल तर आत पेट्रोल न जळता पुढे जात आहे असे समजून वेग कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर थांबावे. तेलाचा लाल दिवा लागला तर मात्र त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. तापमानाचा काटा वर गेला तर थांबावे. पण तापलेल्या रेडिएटरचे झाकण काढू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. संगणकाचा आकडा वाचून देणारी यंत्रे आता गावोगावी आहेत. परंतु तो आकडा म्हणजेही तक्रारच असते, निदान नव्हे. 'इंधन कमी पडते आहे' एवढे तो सांगतो. डब्याला दुसरे भोक नाही, हे माणसालाच ओळखावे लागते.

आणि चालती मोटार अचानक बंद पडली तर घाबरू नये. स्टिअरिंग जड होते, पण फिरते. ब्रेकला मदत करणारी ओढ एक-दोन दाबांपुरती उरते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच ठाम दाबावा. किल्ली पूर्ण उलटी फिरवून काढू नये, स्टिअरिंग अडकते. चारी दिवे लुकलुकते ठेवून डावीकडे यावे आणि माणसांना रस्त्यापासून दूर उभे करावे. माझा राग ट्रकच्या भीतीतून आला होता, आणि ती भीती खोटी नव्हती.

एवढे सांगितल्यावर मिस्त्रींचे दोन नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. आणि बिघाड होण्याआधी कोणी काय दुरुस्त केले ते आधी विचारावे; कारण पुष्कळ दुखणी कालच्या औषधातूनच निघालेली असतात.

* * *

हा दुसरा नियम मला घरी पोहोचल्यावर कळला. मी आईपुढे ती रबराची चकती ठेवली. तिने ती लगेच ओळखली.

"अरे, ही तर ह्यांनीच कापली होती. त्या पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं होतं ना, तेव्हा. मग कधी गेलं नाही."

म्हणजे बाबांनी एक रोग बरा केला होता आणि त्यातून दुसरा निघाला होता. पण तो त्यांना कधीच दिसला नाही. का? मी आईला विचारले, "बाबा स्कूटर घेऊन कुठवर जात?"

"कुठवर म्हणजे? भाजीबाजारात जायचे. नाहीतर ग्रंथालयात. मोठ्या रस्त्याला कशाला जातील या वयात?"

जाऊन-येऊन दोन-अडीच किलोमीटर, तेही सावकाश आणि वाटेत थांबत. तेवढ्यात टाकीतली हवा ताणलीच जात नव्हती. मधल्या थांब्यांत ती पुन्हा झिरपून भरत होती. "माझ्या हातात ती एकदाही बंद पडलेली नाही" हे बाबांचे वाक्य अक्षरशः खरे होते. "भर रस्त्यात बंद पडते" हे माझे वाक्यही खरे होते. दोन खरी वाक्ये एकमेकांसमोर उभी राहिली, आणि आमच्यापैकी एकानेही 'किती अंतरावर?' एवढे विचारले नाही. विचारायला हवे होते ते मी. मी त्याऐवजी निदान करून मोकळा झालो: गाडी जुनी झाली, आणि गाडीवाल्याची आठवणही.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने स्कूटर चालवावी की नाही, हा वाद वेगळा आहे. कदाचित आज ना उद्या किल्ली काढून घ्यावीच लागली असती. पण ती खोट्या आरोपावर काढून घेतली गेली, आणि आरोप खोडून काढायला लागले असते ते पाच प्रश्न आणि एक काडी. बाबांनी वाद घातला नाही. ते ओट्यावर बसून राहिले.

स्कूटर आता माझ्या दारात आहे. रविवारी सकाळी मी तिच्यावरून भाजी आणतो. सौ. म्हणतात, तिचा धूर सोसायटीला आवडत नाही. त्यांचे खरे आहे, म्हणून आठवड्यातून एकदाच. गेल्या महिन्यात माझा मुलगा आला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या फोनवर आवाजच येत नाही. नवा घ्या. तुम्हाला सांगितलं तर आठवत नाही."

मी त्याला समोर बसवले आणि विचारले, "थांब. आवाज गपकन जातो, का हळूहळू कमी होतो?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला वाटले असावे, बाबांचे वय झाले.